झाकण न उघडता केलेली मोजणी

मोजणीबाई दारात दिसली की घरातली बाई आधी हात पुसते, मग केस सारखे करते आणि मग म्हणते, "अगंबाई, आज होती होय मोजणी? पसारा आहे हो नुसता."

"पसाराच हवाय मला," मोजणीबाई म्हणते. "आवरलेल्या घरात माझं पोट भरत नाही."

हे एकच वाक्य ती बावीस वर्षं म्हणत आलीय आणि बावीस वर्षं लोक त्यावर हसत आलेत. हसू आलं की दार पूर्ण उघडतं. दार उघडलं की ती चपला काढून सरळ स्वयंपाकघरात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याला चिमट्याने अडकवलेले फॉर्म, पेन कानावर. फडताळ उघडायचं, वरच्या फळीपासून सुरुवात, डावीकडून उजवीकडे. बरणी, बाटली, पुडा, ट्यूब. कंपनी कोणती, आकार केवढा, अंदाजे किती शिल्लक. मग न्हाणीघर. मग पलंगाखाली साठा असेल तर तो, गुडघे टेकून.

बाजार पाहणी करणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला लागली तेव्हा लेक दीड वर्षाची होती. संस्थेने तिला एकशेवीस घरं नेमून दिली. महिन्यातून एकदा प्रत्येक घर. घरवाल्यांना वर्षाकाठी एक भेट, कधी टॉवेल, कधी डबा, गेल्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ, जे एकशेवीस घरांत मिळून एकशेवीस वेगवेगळ्या वेळा दाखवतं. बावीस वर्षांत त्या घरांतली पोरं मोठी झाली, दोन घटस्फोट झाले, एक घर आडनावासकट बदललं. मोजणीबाईला सगळं फडताळातून कळतं. न्हाणीघरात अचानक दुसरी टूथपेस्ट दिसली की समजायचं, एकतर घरात भांडण झालंय, नाहीतर कोणीतरी कमवायला लागलंय. महागडा साबण ओला असेल तर घरात पैसा आहे. कोरडा असेल तर पाहुण्यांसाठी मांडलाय.

अशी तिची नजर. आणि या नजरेवर आपल्या घरातली मोठी रक्कम लावायची, असं तिने या वर्षी ठरवलं.

रक्कम नवऱ्याची. तो कारखान्यात यंत्रावर होता. तीन वर्षांपूर्वी गेला. कारखान्याने जे दिलं ते बायको आणि आई अशा दोघींच्या नावाने दिलं, आणि दोघींनी तेव्हा रडत रडत बँकेत तीन वर्षांच्या ठेवीत टाकलं. ती ठेव या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सुटत होती. काही कळवलं नाही तर बँक ती आपणहून आणखी पाच वर्षांसाठी बांधून टाकणार होती, ज्या व्याजात भाववाढसुद्धा भरून निघत नाही अशा व्याजाने. मोजणीबाईचं वय एक्कावन्न. पुढच्या म्हातारपणाला एवढाच एक आधार होता, आणि तो हलवायचा तर दोन सह्या लागणार होत्या. एक तिची. एक सासूबाईंची.

"शेअर" म्हटलं की सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, म्हणजे मोजणीबाईच्या नवऱ्याने, इथल्याच एका सिमेंट कंपनीत पैसे घातले होते. कंपनीचा मालक एका सकाळी बायकोमुलांसकट विमानात बसला तो परत आलाच नाही. हिशेब तपासले तेव्हा कळलं, अर्धे कारखाने कागदावरच उभे होते.

"आई, ही तशी कंपनी नाही," मोजणीबाईने महिन्याच्या पहिल्याच तारखेला समजवायला घेतलं. "आमचे साहेब सांगत होते. परदेशातल्या पेन्शनवाल्यांचे पैसे सांभाळणारा एक फंड आहे. आमची मोजणी तोच विकत घेतो. त्यांना आपल्या देशात पैसे घालायचेत."

"का? त्यांच्याकडे जागा संपली?"

"तिकडे सगळ्यांकडे सगळं आहे. वाढायचं कुठे? इकडे माणसं तरुण आहेत, पगार वाढतायत. आज जो पुडी घेतो तो उद्या बाटली घेणार. पण इथल्या कंपन्यांचा त्यांना भरवसा नाही."

"शहाणे आहेत."

"म्हणून ते काय करतात, इथली कंपनी घेतच नाहीत. इथे माल विकणारी मोठी परदेशी कंपनी घेतात, तिकडच्या बाजारात नोंदलेली. हिशेब तिकडच्या कायद्याचे, वाढ इकडची."

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे राबायला सासर आणि मानपानाला माहेर."

"तसंच समजा. आणि आता आपल्या बँकेतूनही ते शेअर घेता येतात. लेकीने सगळं विचारून ठेवलंय."

"आणि कंपनी कुठली म्हणालीस?"

"कॉफीवाली. आपल्या फळीवर आहे ना ती, मोठी बरणी. माझ्या एकशेवीस घरांत पाच वर्षांपूर्वी अकरा मोठ्या बरण्या होत्या. आज आपली धरून एक्केचाळीस आहेत! मी स्वतः मोजल्यात. फंडवाल्यांना जे कळायला पैसे मोजावे लागतात ते मला फुकट ठाऊक आहे, आई."

सासूबाई फळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात बघू. मला गुडघ्याचा त्रास आहे."

"सही गुडघ्याने करायची नाहीये."

"बँकेपर्यंत तर गुडघ्यानेच जायचंय ना?"

पुढच्या आठवड्यात गुडघा बरा झाला, तर डोळा दुखायला लागला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन्ही बरे होते, पण सासूबाईंना "मन धजत नव्हतं." तारीख सरकत होती.

एकोणीस तारखेला एक घर बंद मिळालं म्हणून ती शिवणकामवालीकडे तासभर आधी पोचली. ही शिवणकामवाली तिच्या लाडक्या घरांपैकी. दोन खोल्या, मधोमध यंत्र, चिंध्यांचा ढीग, आणि स्वयंपाकघराच्या फळीवर, आल्यागेल्याला दिसेल अशी, कॉफीची मोठी बरणी. सोनेरी झाकण. गेली दोन वर्षं मोजणीबाई तिच्या फॉर्मवर न चुकता लिहीत आली होती: मोठी बरणी, अर्ध्याहून जास्त.

आज ती बरणी ओट्यावर उघडी होती. तोंडात वर्तमानपत्राचं नरसाळं, आणि शिवणकामवाली खाकी पुडीतून भुरभुर काहीतरी आत सोडत होती.

"या या, बसा," ती मान न वळवता म्हणाली. "हात गुंतलेत. लिहा तुम्ही, नेहमीचंच."

"हे काय आहे?"

"कॉफी."

"कुठली?"

"कोपऱ्यावरच्या घाऊकवाल्याची. सुटी. निम्म्याहून कमी भाव आहे हो, आणि चव म्हणाल तर दूध जरा दाट घातलं की..."

"पण बरणी..."

"बरणी कंपनीचीच आहे की! तेवढं लिहा."

मोजणीबाईने पेन कानावरून काढलं आणि परत कानावर ठेवलं. "केव्हापासून भरता?"

"यंत्राचा पट्टा तुटला होता बघा, तेव्हापासून. म्हणजे झाली दोन वर्षं. त्याआधी आणलेली, एकदा. खरी." शिवणकामवालीने नरसाळं झटकलं. "अहो, गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आत येतं. फळीवर पुडी दिसली तर शिलाई देताना घासाघीस करतं. ही बरणी दिसली की मुकाट देतं. बरणी फार गुणाची आहे."

"आणि परत खरी कधी आणणार?"

"आणू की. हातात पैसा आला की पहिली तीच आणणार." ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, आणेन असं वाटतं."

मोजणीबाईने त्या दिवशी शिवणकामवालीचा कॉफीचा रकाना कोरा ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

संस्थेच्या नियमांची एक पुस्तिका होती, तिच्या पिशवीत तळाशी, कोपरे गोल झालेली. नियम सातवा: कोणत्याही वस्तूचं झाकण उघडू नये. नियम चांगल्या हेतूने केलेला. लोकांच्या अन्नात बाहेरच्या माणसाने नाक घालू नये, घरवाल्यांना आपल्यावर संशय घेतला असं वाटू नये. मोजणीबाईने तो धर्मासारखा पाळला होता. बाहेरून लेबल वाचायचं, बरणीच्या काचेतून पातळी बघायची, संपलं. पण बरणी उलटी करू नये असं कुठल्याच नियमात नव्हतं. आणि बरणीच्या बुडाला, काचेवर, बारीक काळ्या आकड्यांत भरल्याची तारीख असते. फॉर्मवर तिला रकाना नाही, म्हणून तिने ती आजवर कधी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती वाचायला लागली.

"अय्या, आता बूडसुद्धा मोजता?" बायका विचारायच्या.

"वरून आदेश आलाय," ती ठोकून द्यायची, आणि चष्मा कपाळावर सरकवून बरणी डोळ्यांजवळ धरायची. एक वर्ष चार महिने. दोन वर्षं. ही मात्र गेल्या महिन्यातली, खरी. हिच्यापाशी ती इतकी खूश झाली की त्या घरच्या बाईला वाटलं आपल्याला बक्षीस लागलं. मग परत दोन वर्षं एक महिना. एका निवृत्त मास्तरांकडे तर तीन वर्षांची निघाली. मास्तर आत होते. त्यांच्या बायकोने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच विनवलं, त्यांना नका हो सांगू.

शनिवार दुपारपर्यंत तिने एक्केचाळीसपैकी चाळीस बरण्या उलट्या केल्या, ज्या घरांची पाळी अजून यायची होती तिथेही वेळेआधी जाऊन. पंचवीस बरण्या वर्षापेक्षा जुन्या. कॉफी इतकी टिकत नाही. माणसांच्या घरात तर नाहीच टिकत. म्हणजे पाच वर्षांत अकराच्या एक्केचाळीस झाल्या, ही जी वाढ तिने छातीठोकपणे कळवली होती, ती वाढ काचेची होती. कॉफी होती पंधरा बरण्यांत. सोळा, फार तर.

सोळावी कोणती ते तिने ठरवून टाकलं होतं. एक्केचाळिसावी बरणी तिच्या स्वतःच्या घरची होती. नियमाने मोजणारीचं घर मोजणीत धरत नाहीत, पण ती मनातल्या मनात नेहमी धरायची. ज्या देशाचं मोजायचं त्या देशात आपणही राहतोच की, असं तिचं म्हणणं.

रविवारी सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. मोजणीबाईने फळीवरची बरणी उतरवली आणि उलटी केली.

दोन वर्षं पाच महिने.

ती तशीच उभी राहिली. आत न्हाणीघरात पाणी पडण्याचा आवाज, बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. लेक पलंगावर फोन घेऊन पडली होती. तिने आईचा चेहरा बघितला आणि उठून बसली.

"काय झालं?"

"काही नाही. तू तुझं बघ."

सासूबाई बाहेर आल्या, केसांना पंचा गुंडाळलेला. त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेच्या हातातल्या उलट्या बरणीकडे बघितलं, आणि शांतपणे खुर्चीत बसल्या. जणू महिनाभर या घंटेची वाट बघत होत्या आणि ती एकदाची झाली.

"कळलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं, आई?"

"दोन वर्षं पाच महिने."

"मी रोज सकाळी दोन कप पिते! रोज!"

"आणि रोज म्हणतेस, काय वास आहे बाई हिचा, म्हणून तर परदेशात नाव आहे."

लेकीला हसू आवरेना. मोजणीबाईने तिच्याकडे अशी नजर टाकली की ते हसू उशीत गेलं.

"फसवलंत मला."

"फसवलं?" सासूबाईंचा आवाज चढला. "घरखर्चाला महिन्याला किती देतेस? आणि तीन वर्षांपूर्वी किती देत होतीस? सांग. एकशेवीस घरांचं मोजतेस ना, आपल्या घरचं सांग."

दोन्ही आकडे एकच होते.

"तेल वाढलं, गॅस वाढला, माझ्या गुडघ्याची गोळी वाढली. तुझी रक्कम तिथल्या तिथे. तक्रार केली मी कधी? तुझा पगार वाढला नाही, मला ठाऊक आहे. तू दमून येतेस, तुला एक सुख असावं सकाळी, म्हणून बरणी ठेवली. आतलं मी बघून घेतलं." त्या पंचा सोडून केस झटकायला लागल्या. "आता तू म्हणतेस, लोक ही कॉफी पितात म्हणून माझ्या मुलाचे पैसे हिच्यात घाल. मी कशी सही करू? कोण पितं ते मला ठाऊक नव्हतं. कोण पीत नाही ते ठाऊक होतं!"

"मग सांगायचं नाही का? महिनाभर गुडघा आणि डोळा करत बसलात ते!"

"सांगितलं असतं तर सकाळचे दोन कप गेले असते तुझे."

मोजणीबाईला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते सापडत नव्हतं. सासूबाईंवर? त्यांनी तर बावीस वर्षांत तिला जमलं नाही ते केलं होतं, झाकणाच्या आतलं खरं धरून हिशेब केला होता. ती स्वतः मात्र दुसऱ्यांच्या फडताळांत देशाची भरभराट शोधत फिरली, आणि आपल्या फळीवरची भाववाढ रोज सकाळी फुंकर मारून प्याली.

"पण आई," ती हळूच म्हणाली, "शिवणकामवाली म्हणते, पैसा आला की खरीच आणणार. बरणी फेकली नाही तिने. म्हणजे मनात आहे ना? आज मनात आहे ते उद्या घरात येईल. साहेबांचा फंड त्यावरच तर पैसे लावतो."

"येईल की. शिवणकामवालीच्या घरी येईल. माझ्या घरी येणार नाही."

"का?"

"दोन वर्षं पाच महिने तुला फरक कळला नाही. आता जास्तीचे पैसे कशाचे देऊ? बरणी तर आहेच माझ्याकडे."

मोजणीबाईने बरणी परत फळीवर ठेवली. लेकीकडे मात्र वेगळंच काहीतरी होतं. ती एका प्रवास कंपनीत तिकिटं काढायची नोकरी करायची, रोज परदेशी कागदपत्रं वाचायची तिला सवय. मघापासून ती फोनवर कॉफीवाल्या कंपनीचा वार्षिक अहवाल चाळत होती.

"आई, यात आपला देश नाहीये."

"असं कसं? नीट बघ."

"बघितलं. कुठून किती विक्री, त्याचं कोष्टक आहे. तिकडचे पाच-सहा मोठे देश नावानिशी आहेत. आपण शेवटच्या ओळीत. 'इतर बाजारपेठा.' अजून चाळीस देशांसकट. आणि सगळे मिळून शंभरातले सात."

"चाळीस देश मिळून सात?"

"सात."

मोजणीबाई खाली बसली. तिची एकशेवीस घरं, गुडघे टेकून मोजलेली पलंगाखालची पाकिटं, बावीस वर्षांचे फॉर्म, सगळं त्या सातातल्या कुठल्यातरी चिमटीत. आपल्या देशातली प्रत्येक बरणी खरी निघाली असती, तरी त्या कंपनीच्या शेअरच्या भावाला तिकडे जेमतेम शिंक आली असती.

"म्हणजे इथे सिमेंटवाल्यासारखं कोणी पळालं तरी ही बुडणार नाही," लेक म्हणाली, "पण इथे सोनं पिकलं तरी हिला फारसं कळणारही नाही."

"मग आपण काय घेत होतो?" सासूबाईंनी विचारलं.

"तिकडचेच लोक किती कॉफी पितात, ते," लेक म्हणाली.

मोजणीबाई उठली. कपाटातून तिने एक जुना फॉर्म काढला, पालथा केला, कानावरचं पेन हातात घेतलं आणि सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढली. कामावर असते तशी पाठ ताठ.

"आई, खरं सांगा. या घरात तुम्ही काय काय परत भरता?"

"उलटतपासणी?"

"मोजणी. झाकण उघडून."

सासूबाईंच्या डोळ्यांत मिश्कील चमक आली. त्यांनी बोटं मोजायला घेतली. "कॉफी झाली. शाम्पूची बाटली."

"शाम्पूसुद्धा?" लेक किंचाळली आणि तिचा हात केसांकडे गेला.

"हात धुवायचा साबण. भांड्यांचा. सॉस. ते तुझं बिस्किटांचं टिनही, त्यात सुटी बिस्किटं असतात. फिनेल तर गेली दहा वर्षं."

"आणि काय भरत नाही?"

"मला जमेल ते सगळं भरते."

"जमत नाही असं काय आहे?"

इथे सासूबाई थांबल्या. त्यांनी खरोखर विचार केला, शेजारीण अवघड शिवण विचारायला आली की करायच्या तसा. "टूथपेस्ट. तिचं तोंड बघ केवढं. भरायचं कसं? फार तर कात्रीने कापून शेवटचं काढते. गोळ्यांची पाकिटं. दाढीचं पातं, तो होता तेव्हा. तुमचे दोघींचे महिन्याचे पॅड. त्यात काटकसर करावी असं मला कधी वाटलंही नाही. दिव्याचा बल्ब." त्या मोकळ्या हसल्या. "जे एकदा वापरलं की मेलं, तेच खरं विकलं जातं बघ."

मोजणीबाई लिहीत होती. तिच्या हाताला वेग आला होता. एकशेवीस न्हाणीघरं तिच्या डोळ्यांसमोरून एकेक करून जात होती. सुट्या कॉफीच्या त्या पंचवीस घरांत, मास्तरांकडे, शिवणकामवालीकडे, टूथपेस्ट होती. कापलेली, पिळलेली, टोकापासून घट्ट गुंडाळत आणलेली, पण खरी. आणि पाच वर्षांपूर्वी जिथे घरातल्या सगळ्यांत मिळून एक होती तिथे आता बहुतेकांकडे दोन. हे तिने मोजलं होतं. त्याकडे बघितलं नव्हतं, कारण कॉफीची बरणी जास्त चमकत होती.

"फंडवाल्यांनी तुम्हाला नोकरीवर ठेवायला हवं," ती म्हणाली.

"ठेवू देत. मी घरी बसून मोजेन. गुडघा आहे."

लेकीने टूथपेस्ट बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा अहवाल शोधला. तिथे कोष्टक वेगळं निघालं. शंभरातले पंचावन्न 'आपल्यासारख्या' देशांतून, आणि त्यात आपलं नाव, तिसऱ्या ओळीत, नीट अक्षरांत. लेकीने ते मोठ्याने वाचलं तेव्हा उगाचच तिघींना बरं वाटलं, दूरच्या लग्नाच्या पत्रिकेत आपल्या घरच्या कोणाचं नाव छापून आल्यासारखं.

"पण यातही नुकसान होऊ शकतं," मोजणीबाईने बजावलं. आता ती सावध बोलत होती. "उद्या कोणी इथलीच स्वस्त टूथपेस्ट काढेल. आपलं चलन पडेल, मग तिकडे त्यांना इथला फायदा कमी दिसेल. मला सगळं कळतं असं मी आता म्हणणार नाही."

"महिन्याच्या एक तारखेला म्हणत होतीस."

"तेव्हा मी बरणी उलटी केली नव्हती."

सोमवारी तिने साहेबांच्या टेबलावर फॉर्म ठेवले. साहेब म्हणजे तिचे सुपरवायझर, निवृत्तीला चार वर्षं उरलेला, चांगला पण थकलेला माणूस. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, फॉर्ममध्ये बुडाच्या तारखेचा रकाना नाही."

"म्हणून तर वेगळ्या कागदावर आणलंय."

"गिऱ्हाइकाला वाढ हवी असते. आपण पाच वर्षं वाढ दिली."

"दिली. चुकीची होती."

"चुकीची कशी? बरण्या आहेत ना घरात?"

"बरण्या आहेत, साहेब. पण कॉफीवाली कंपनी बरण्या विकत नाही."

साहेबांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी टाचणी उचलली आणि तो अहवालाच्या मागे लावला. "वाचतील असं नाही," ते म्हणाले. वाचला की नाही, ते आजवर कळलेलं नाही. पुढच्या महिन्याचे फॉर्म आले तेव्हा रकाने होते तेवढेच होते. मोजणीबाई मात्र तेव्हापासून समासात तारीख लिहिते. बारीक, पेन्सिलीने.

मंगळवारी, सत्तावीस तारखेला, दोघी बँकेत गेल्या. गुडघ्याने वाटेत दोनदा थांबायला लावलं, पण त्याचं कोणी नाव काढलं नाही. ठरलं ते असं: अर्धी रक्कम परत ठेवीतच, एका वर्षाची, कारण म्हातारपण कधी गाठेल ते कोणत्याच अहवालात नसतं. उरलेल्या अर्ध्यातले दोन भाग दातांच्या कंपनीत. एक भाग गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत, तीही तिकडेच नोंदलेली, तिचंही कोष्टक लेकीने वाचून दाखवलेलं. कॉफीत काहीच नाही.

खिडकीपलीकडची बँकेतली मुलगी नवी होती, नियमाने बोलणारी. तिने अर्ज फिरवून सासूबाईंसमोर ठेवला.

"आजी, मला विचारावंच लागतं. परदेशी शेअर आहेत, पैसे कमी होऊ शकतात. तुम्हाला समजलंय ना?"

"समजलंय. कमी कसे होतात ते मी याआधी बघितलंय. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

मुलगी जरा गोंधळली. "आणि इथे लिहायचंय, किती वर्षांसाठी गुंतवताय. एक, तीन, पाच की दहा?"

"दहा," सासूबाई म्हणाल्या.

मुलीने अर्जावरची जन्मतारीख बघितली. मग सासूबाईंकडे बघितलं. मग मदतीसाठी मोजणीबाईकडे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

"अगं बाळ, तू पैशांना किती वर्षं लागतील ते विचारलंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "माझी नाही विचारलीस. मग लिही. दहा."

त्यांनी पेन घेतलं. सही करताना त्या नेहमी श्वास धरायच्या. आताही धरला, आणि अक्षरं एकेक करून, घाई न करता, चौकटीत बसवली. मग अर्ज सुनेकडे सरकवला.

"बघतेस काय? कर. वाचून केलीय मी."

मोजणीबाईने अर्ज पुढे ओढला, आणि सही करण्याआधी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा एकदा वाचला. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला. तिने मागची बाजूही वाचली.